फोर्ट बसच्या काचेतून दाखवू नका: सोलापूरच्या सहल आयोजकांना आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व सहल आयोजक, तसेच शाळांचे मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हंगामाची 'मुंबई दर्शन'ची पत्रके हातात पडू लागली आहेत. पत्रके वेगवेगळ्या आयोजकांची असली तरी एक ओळ बहुतेकांत सारखीच आहे. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), महापालिका, फ्लोरा फाउंटन, हायकोर्ट, राजाबाई टॉवर अशी नावे ओळीने येतात आणि शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेले असते: 'बसमधून'. वाचलेला वेळ मॉल आणि वॉटर पार्कला दिला आहे. मुलांनी पाण्यात खेळू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण फोर्ट, म्हणजे राजधानी मुंबईतला जुन्या किल्ल्याचा भाग, चालत्या गाडीतून उरकायचा आणि तरी 'पॉइंट' म्हणून मोजायचा, हे मुकाट्याने मान्य करणे आम्हाला जमणार नाही.

आम्ही सोलापूरचे रहिवासी आहोत. काही जण इतिहास शिकवतो, काही जण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो, आणि फोर्टमध्ये मराठीतून पायी फेऱ्या घेतो. आमची मुले तुमच्याच सहलींना येतात, त्यांचे पैसे आम्हीच भरतो, एवढे हितसंबंध सांगून ठेवतो. पत्र जाहीर लिहिण्याचे कारण सरळ आहे. पत्रक वाचून पैसे भरणाऱ्या पालकांनाही काय विचारायचे ते कळावे.

पहिली तक्रार बसचीच. फोर्टमध्ये मोठ्या बसला मनासारखे थांबता येत नाही. वाहतूक पोलीस उभे राहू देत नाहीत, पार्किंग लांब असते, म्हणून चालक गाडी हलती ठेवतो. सीएसएमटीची इमारत घुमटापर्यंत बघायची तर रस्त्याच्या पलीकडे जाऊन मान वर करावी लागते. बसच्या खिडकीची वरची कड पहिल्या मजल्यावरच नजर कापते, आणि दुसऱ्या बाजूला बसलेल्या निम्म्या मुलांना फक्त समोरच्याचे डोके दिसते. दादाभाई नौरोजी मार्गाचा तर मुद्दाच वेगळा आहे. दोन्ही बाजूंच्या इमारतींना रस्त्याकडून सलग कमानींचा पडवीसारखा मार्ग ठेवलेला आहे. उन्हापावसात माणसाने त्याखालून चालावे म्हणूनच तो नियम केला गेला. हा रस्ता चालणाऱ्यासाठी बांधलाय, आणि आपण तो बसमधून दाखवतो.

चालायला मुले कंटाळतील, ज्येष्ठांना झेपणार नाही, हे उत्तर आम्ही ऐकले आहे. सीएसएमटी ते गेटवे, वाकडी वाट धरूनसुद्धा, तीन-साडेतीन किलोमीटर भरते. ओव्हल मैदानावरून परत स्टेशनला आले तर सगळे मिळून पाच-सहा. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मागे अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा अनवाणी करणाऱ्या गावाला हे अंतर कुणी मोठे सांगू नये. ज्यांना खरोखर झेपत नाही त्यांच्यासाठी मधला तुकडा टॅक्सीने करता येतो. आता भुयारी मेट्रोची सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही स्थानकेही सुरू झाली आहेत.

दुसरी तक्रार आम्हाला सर्वांत जास्त खुपते. फोर्टशी सोलापूरचा जो संबंध आहे, तो सहलीत कुणी उच्चारतसुद्धा नाही.

सीएसएमटीपासूनच धरा. ही इमारत नुसते स्टेशन म्हणून बांधलेली नाही. ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य कार्यालय होती, आणि आजही तिथे मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. याच कंपनीचा लोहमार्ग 1860 मध्ये सोलापूरला पोचला. सोलापूर हा आज मध्य रेल्वेचा एक विभाग आहे. म्हणजे ज्या रुळांवरून मुले आली, त्यांचा कारभार ज्या घुमटाखालून चालला, तो घुमट मुलांच्या डोक्यावर असतो. स्टेशनच्या शेजारी जीपीओ, म्हणजे मुंबईचे मुख्य टपाल कार्यालय. त्याच्या समोरच्या रस्त्याचे नाव वालचंद हिराचंद मार्ग. वालचंदांचा जन्म 1882 साली सोलापुरातला. ज्यांच्या नावाच्या कॉलेजवरून आपण रोज येतो-जातो, त्या माणसाने 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली, आणि त्या वर्षी 5 एप्रिलला 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन 5 एप्रिलला असतो तो त्यामुळे. जीपीओपासून पूर्वेला थोडे चालले की बॅलार्ड इस्टेट लागते. तिथे नरोत्तम मोरारजी मार्गावर सिंदिया हाउस उभे आहे. नरोत्तम मोरारजी हे सिंदियाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास, म्हणजे 1877 मध्ये सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलचे, आपल्या जुन्या गिरणीचे, संस्थापक. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाचे घड्याळ चालले, त्या गावातल्या मुलांना हा पत्ता दाखवायला वेगळे तिकीट लागत नाही. पंधरा मिनिटांचा वळसा पुरतो.

खुद्द जीपीओची इमारत तर सोलापूरच्या मुलांसाठीच बांधली की काय असे वाटावे. जॉन बेग यांनी तिचा आराखडा केला, ती 1913 मध्ये पुरी झाली, आणि तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. तुमच्यापैकी बहुतेक शाळा एक वर्ष शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरला जातात आणि दुसऱ्या वर्षी मुंबईला. दोन्ही घुमट पाहिलेल्या मुलांना हा धागा कुणी सांगितलेला नसतो. मुलांनी विजापूरचा फोटो सोबत आणावा, जीपीओसमोर उभे राहून दोन्ही ताडून बघावे: घुमटाची ठेवण, खालच्या भिंतींशी त्याचे प्रमाण, कोपऱ्यांवरच्या रचना. कामाच्या दिवशी आत जाऊन पन्नास पैशांचे पोस्टकार्ड घ्यायचे, आपल्याच घरच्या पत्त्यावर लिहायचे आणि तिथेच पेटीत टाकायचे. सहलीतला सर्वांत स्वस्त कार्यक्रम हाच असेल.

तिसरी तक्रार माईकवरून सांगितल्या जाणाऱ्या माहितीची. सीएसएमटीच्या घुमटावरची स्त्री म्हणजे व्हिक्टोरिया राणी, असे सर्रास सांगतात. ती 'प्रगती'ची प्रतिमा आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हाताखाली चाक. राणीचा पुतळा खाली, घड्याळाच्या खालच्या कोनाड्यात होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. कोनाडा अजून रिकामा दिसतो, तोच दाखवायचा. फाटकावरचे सिंह आणि वाघ सांगायचेच असतील तर सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा, एवढे पुरे. 1887 साल राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षाचे, म्हणून नाव व्हिक्टोरिया टर्मिनस. बांधकाम मात्र 1878 ते 1888 चालले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, आणि समोरची 1893 ची महापालिकेची इमारतही त्यांचीच. आतल्या नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. चित्रकलेच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा.

गेटवे 1911 मध्ये राजाच्या स्वागतासाठी बांधला, हे दुसरे ठरलेले वाक्य. राजा पंचम जॉर्ज आला तेव्हा तिथे पुठ्ठ्याचा तात्पुरता देखावा होता. पायाभरणी 1913 ची, आणि आजची कमान 1924 मध्ये पुरी झाली. 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीखालून गेली. तिसरे म्हणजे चर्चगेट. किल्ल्याचा तो दरवाजा आजच्या चर्चगेट स्टेशनपाशी नव्हता, फ्लोरा फाउंटन जिथे आहे त्या जागी होता. उत्तरेला बाजारगेट, दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट. ही तीन दारे नकाशावर टिपली की मुलांना किल्ला दिसू लागतो. नाही तर 'फोर्ट, पण फोर्ट कुठंय?' हा प्रश्न तसाच राहतो, आणि तो प्रश्न अगदी बरोबर असतो. तटबंदी 1860 नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात पाडली. तिचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूला, पी. डिमेलो मार्गाकडे शिल्लक आहे. आपल्या भुईकोटात खेळलेल्या पोराला तो लगेच ओळखू येतो.

हुतात्मा चौकाबद्दल थोडे जास्त लिहितो. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या गावाने त्या चौकातून बस न थांबवता पुढे न्यावी, हे बरे दिसत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात 21 नोव्हेंबर 1955 ला तिथे गोळीबार झाला. शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प असलेले स्मारक 1961 चे. शेजारचे पांढऱ्या पोर्टलँड दगडाचे कारंजे, म्हणजेच फ्लोरा फाउंटन, 1864 चे. जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या दोन वास्तू एका नजरेत येतात. मुलांना तिथे निदान वीस मिनिटे द्या. अट एकच: चौकाच्या मधोमध जायला गाड्यांमधून पळू नये, सिग्नल धरूनच जावे.

आता दिवस आणि वेळ. इथे होणाऱ्या चुका टाळणे तर अगदीच सोपे आहे.

सोमवारी मुंबई दर्शन ठेवू नका, घारापुरीची लेणी त्या दिवशी बंद असतात. खरे तर फोर्टच्याच दिवशी घारापुरी ठेवूच नये. बोटीत आणि पायऱ्यांवर अर्धा दिवस जातो आणि कात्री फोर्टला लागते. रविवारी रस्ते मोकळे आणि चालायला उत्तम, पण जीपीओ आणि बहुतेक कार्यालये बंद, खाण्याची बरीच दुकानेही बंद. शिवाय सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, तेव्हा गटाने आत जाऊ नये. शाळेसाठी कामाचा दिवस, मोठ्या माणसांसाठी रविवार, अशी आमची शिफारस आहे. रविवारी नेणार असाल तर जेवण सोबत ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन दिवस टिकते हे सोलापूरला आम्ही सांगायची गरज नाही, पण पत्रकांत मात्र 'मुंबईत पंजाबी जेवण' असते!

प्रकाशाचा विचार तर कुणीच करत नाही. सीएसएमटी, टाउन हॉल, हायकोर्ट, राजाबाई टॉवर या चारही इमारतींची तोंडे पश्चिमेकडे आहेत. तट पाडल्यावर हायकोर्ट आणि विद्यापीठाची रांग मोकळ्या मैदानाकडे आणि त्यापलीकडच्या समुद्राकडे बघत उभी राहिली. ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको घरे ज्या जमिनीवर आहेत ती पुढे भराव घालून मिळवलेली. सकाळी सूर्य या इमारतींच्या पाठीमागे असतो, त्यामुळे दर्शनी भाग काळा दिसतो आणि फोटो वाया जातात. दुपारी चारनंतर त्याच भिंतींचा दगड उजळतो. म्हणून सकाळी बारकावे आणि आतले भाग, संध्याकाळी दर्शनी बाजू, असा क्रम ठेवावा.

त्याप्रमाणे एक दिवस कसा लावता येतो ते लिहितो, वापरायला कुणाचीही परवानगी नको.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचे, सकाळी सीएसएमटी. वंदे भारत इथे उपयोगाची नाही, ती पोचेपर्यंत दुपार होते. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे पन्नास मुलांसाठी रेल्वेकडे गटाच्या आरक्षणाचा अर्ज आधी करावा लागतो. साधे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. सामान क्लोक रूममध्ये. बॅगेला कुलूप नसेल तर ते सामान घेत नाहीत, आणि हे ऐन वेळी कळते. स्वच्छतागृह, नाश्ता इथेच उरका. आठ वाजता जीपीओ, तिथून बॅलार्ड इस्टेटचा वळसा. टपाल खिडक्या उघडलेल्या नसतील तर पोस्टकार्ड संध्याकाळी परतताना. साडेनऊपर्यंत हॉर्निमन सर्कल.

हॉर्निमन सर्कलला घाई करू नका, कारण किल्ल्याचे पोट इथे होते. आधी हे मोकळे पटांगण होते, आणि कापसाचे गठ्ठे इथे रचले जात, पुढे तो बाजार कुलाब्याला गेला. भोवतीच्या एकसारख्या कमानदार इमारतींचे वर्तुळ तट पाडण्याच्या सुमारासचे. बाजूचे सेंट थॉमस कॅथेड्रल 1718 चे, म्हणजे या फेरीतल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. आतल्या भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिफलकांत कंपनीच्या काळातली माणसे भेटतात. पूर्वेला टाउन हॉल, 1833 चा, तीस पायऱ्या आणि समोर ग्रीक पद्धतीचे जाड खांब. सकाळी या पायऱ्यांवर सावली असते, म्हणून गटाला बसवून सांगायची जागा हीच. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपातून काढलेले करंडक या संस्थेच्या संग्रहातले, आणि नाना शंकरशेट यांचा पुतळाही इथेच. गटाला आत सोडतात का, दुरुस्ती चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारावे.

अकराला हुतात्मा चौक, तिथून काळा घोडा. डेव्हिड ससून ग्रंथालय 1870 चे. जवळच वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा; 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र हिंदुस्थानात पहिल्यांदा याच इमारतीत दाखवले. तिची दशा वाईट आहे, खालून जाऊ नये, पलीकडच्या फुटपाथवरून दाखवावी. निळे सिनेगॉग 1884 चे, आत जायला ओळखपत्र लागते. जहांगीर कलादालनाला प्रवेश मोफत. दुपारचे ऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढावे. दोन तास पुरतात, शाळेच्या पत्रावर सवलत मिळते का ते आधीच विचारावे. साडेतीनला गेटवे, साडेचारला ओव्हल मैदान. मैदानाच्या मध्यावर उभे राहिले की पूर्वेला गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको. या दोन रांगांना मिळून 2018 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, एकूण 94 इमारती. राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट दोन्ही 1878 चे. टिळकांवरचा 1908 चा खटला याच हायकोर्टातला. अंधार पडताना परत सीएसएमटी, महापालिकेच्या बाजूने दिव्यांत बघायचे, रात्रीची सिद्धेश्वर पकडायची. मुक्कामाचा खर्च शून्य.

बिघडते कुठे, तेही सांगतो. सीएसएमटीच्या भुयारी मार्गाला अनेक तोंडे आहेत, तिथे गट हमखास फुटतो. पुढे एक आणि शेवटी एक मोठा माणूस हवाच, आणि कुठल्या तोंडातून बाहेर पडायचे ते आधी ठरलेले हवे. एका सांगणाऱ्यामागे पन्नास मुले असली की मागच्या पस्तीसांना काही ऐकू येत नाही आणि फुटपाथ अडतो, मग दुकानदार ओरडतात. स्टेशन आणि संग्रहालय यांच्यामध्ये चार-पाच तास जातात, त्या टप्प्यातले स्वच्छतागृह आदल्या आठवड्यात कुणीतरी जाऊन बघून ठेवावे. मुलींची गैरसोय इथेच होते, आणि त्या बोलत नाहीत. नौदलाच्या आणि न्यायालयाच्या फाटकांपाशी फोटो काढू नयेत. पारशी अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो, आग्रह धरू नये.

पैशांचेही बोलू. गेटवे, ओव्हल, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, जीपीओ, यांतल्या एकालाही तिकीट नाही. तरी ही नावे 'पॉइंट' म्हणून मोजून पत्रकाची लांबी वाढवली जाते. न उतरवलेल्या जागेला पॉइंट म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत.

पत्रकात प्रत्येक ठिकाणापुढे 'उतरून' की 'बसमधून' आणि किती मिनिटे, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. बसमधून दाखवलेली जागा पॉइंटांच्या संख्येत धरू नका. दोन दिवसांच्या सहलीत फोर्टला सलग किमान पाच तास पायी द्या. देता येत नसतील तर फोर्टचे नाव पत्रकातून काढून टाका, त्याला आमची हरकत नाही. पंधरा जणांमागे एक सांगणारा ठेवा. मुख्याध्यापकांनी निघण्याआधी वर्गात एक तास नकाशा घेऊन बसावे: किल्ल्याची तीन दारे, जीआयपी, मोरारजी, वालचंद. आणि बसऐवजी रेल्वेची एक तरी सहल यादीत ठेवा, खर्च शेजारी शेजारी छापा, पालक ठरवतील.

नकाशा मराठीत आम्ही काढून देतो, एका पानाचा, विनामूल्य. तुमच्या सांगणाऱ्या माणसांना एक दिवस फोर्टमध्ये सोबत नेऊन वाट दाखवायचीही तयारी आहे. त्यांचे तिकीट तेवढे तुम्ही काढा. डिसेंबरच्या सहलींची पत्रके छापायला जाण्यापूर्वी उत्तर मिळावे. पालकांना विनंती, पैसे भरताना एवढेच विचारा: फोर्टमध्ये किती वाजता उतरवणार, आणि परत बसमध्ये किती वाजता?

आपले,
फोर्टमध्ये मराठीतून पायी फेऱ्या घेणारे काही सोलापूरकर